एक जूनचा वाढदिवस आणि कोजागिरीचा दुसरा दिवस

पत्र :

सप्रेम नमस्कार. परवाच्या 1 जूनला मला 65 वर्षं पूर्ण झाली, म्हणजे कागदोपत्री झाली. माझा जन्म खरा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा. शाळेत घालताना गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला, कान हाताला लागला आणि दाखल्यावर 1 जून 1961 पडली. पोस्टात नोकरी केली, सुरुवातीची काही वर्षं तारेच्या खिडकीवर होते. त्याच तारखेच्या हिशोबाने 31 मे 2021 ला निवृत्त झाले. कोविडमुळे निरोप समारंभ झालाच नाही.

आम्ही तासगावच्या पाच मैत्रिणी, पाचवी ते दहावी एका वर्गात. आज एक इचलकरंजीला, एक बडोद्याला, एक वर्षातले सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला आणि मी पुण्यात मुलाकडे. पाचवी दोन वर्षांपूर्वी गेली. लग्नात माझं नाव बदललं, फेसबुकवर तेच सासरचं नाव आहे. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता या मैत्रिणींशिवाय कुणी उरलेलं नाही.

यंदा 1 जूनला फेसबुकवर दीडशेच्या वर शुभेच्छा आल्या, व्हॉट्सॲपवर आणखी वेगळ्या. तेच केक, तेच गुलाब, तेच ‘जीवेत शरदः शतम्’. त्या गर्दीत माझ्या तिघीही होत्या. एकीने माहेरचं नाव घालून ‘वा. दि. हा. शु.’ एवढंच लिहिलं. एकीने गुलाबाचं चित्र पाठवलं, तेही गेल्या वर्षीचंच. तिसरीचा नुसता केक. अहो, त्यांना तर ठाऊक आहे माझा वाढदिवस केव्हा असतो ते! आमच्याकडे आटीव दूध प्यायला आलेल्या आहेत त्या. कोजागिरीला आई मला थोरली म्हणून ओवाळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढदिवसाचं. आई गेल्यापासून ती तिथी कुणाच्या तोंडी आलेली नाही. गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी दिवसभर फोन जवळ घेऊन बसले. एकीचाही आला नाही.

आता ठरवलंय, फेसबुकवरून तारीखच काढून टाकायची. बघू कोण आठवण ठेवतं. सून म्हणते, आई, तुम्ही फार मनाला लावून घेता. आणखी एक विचारायचं आहे. गेलेल्या मैत्रिणीचा वाढदिवस फेसबुक अजून सांगतं. माहीत नसलेले लोक तिच्या पानावर ‘उदंड आयुष्य लाभो’ लिहून जातात. मला ते बघवत नाही. काय करू?

(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर :

तुमच्या विनंतीप्रमाणे नाव गाळलं आहे. खाली सही माहेरच्या नावाने केली होतीत, तेही गाळलं आहे.

तारीख काढू नका. निदान या कारणासाठी तरी नकोच.

‘बघू कोण आठवण ठेवतं’ ही परीक्षा अशी आहे की जिची घ्यायची तिला आपण परीक्षेला बसलोय याचा पत्ताच नसतो. त्या दिवशी इचलकरंजीच्या बाई नवऱ्याच्या तपासण्यांसाठी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या असतील, बडोद्यात पाहुणे असतील, न्यू जर्सीत तर अजून आदल्या दिवसाची संध्याकाळच चालू असेल. आणि इकडे पुण्यात तिघी नापास. मग पुढे काय करणार आहात? नव्या ओळखी पासष्टीतही होतात, चांगल्याही होतात. पण तुमची आई कशी हसायची, तुमच्या घरात दूध कुठल्या पातेल्यात आटायचं, हे माहीत असलेलं माणूस आता नव्याने मिळणार नाही. अशी माणसं जगात तीनच उरली आहेत. त्यांना परीक्षेला बसवून तुमच्या हाती काही लागायचं नाही.

पत्रात तुमची खरी तक्रार दिसते ती अशी, की फेसबुकने सांगितलं म्हणून आलेली शुभेच्छा ही शुभेच्छाच नव्हे. मनातून आठवण यायला हवी. मला हे पटत नाही. घराघरांतल्या भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यांपुढे आणा. ‘कालनिर्णय’ 1973 साली निघालं, तुम्ही तेव्हा सातवी-आठवीत असाल. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, भिशीची तारीख आणि भाच्याचा वाढदिवस, सगळं एकाच पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं. सकाळी त्या चौकोनाकडे नजर गेली की मावशी पोस्टकार्ड घ्यायला माणूस पाठवायची. त्या मावशीचं भाच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं नाही. आणि तुमच्या आईचंच घ्या. त्यांना तुमचा वाढदिवस विसरणं शक्यच नव्हतं, कारण आदल्या रात्री सगळं गाव चंद्राला दूध दाखवत होतं. कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळतात ती ‘आश्विनी’, त्यासाठी त्यांनी तुम्हाला ओवाळलं की निरांजनाचं तबक आवरतानाच दुसऱ्या दिवसाची तयारी होत असणार. आठवण करून देणारं काहीतरी तेव्हाही लागायचंच. आपण त्या आठवणीला धरून पुढे काय करतो, हे महत्त्वाचं.

तयार मजकुराबद्दल तर तुम्हाला मी काय सांगावं! तुम्ही तारेच्या खिडकीवर बसलेल्या आहात. शुभेच्छांच्या तारेला ठरावीक वाक्यं होती आणि प्रत्येक वाक्याला नंबर होता. दिवाळीला अमुक नंबर, लग्नाला तमुक, वाढदिवसाला आणखी वेगळा. माणूस खिडकीशी यायचा, फॉर्मवर नाव, पत्ता आणि तो नंबर लिहायचा, पैसे मोजायचा आणि जायचा. तारेतून आकडा जायचा आणि पलीकडच्या गावात तारवाला ते वाक्य घेऊन दारात उभा राहायचा. शब्द खात्याचे होते, पाठवणाऱ्याचं त्यात फक्त नाव. तरी लग्नघरात त्या तारा मोठ्याने वाचून दाखवल्या जायच्या आणि कितीतरी घरांत जपून ठेवलेल्या सापडतात. 15 जुलै 2013 पासून तार बंद झाली, त्या वेळी तुम्ही नोकरीतच होतात, तेव्हा हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. ज्यांच्या हातून हजारो नंबर गेले, त्यांनी गुलाबाच्या एका चित्रावर इतकं रागवू नये असं मला फार वाटतं.

आता त्या तीन शुभेच्छांकडे पुन्हा एकदा बघा. मी तुमच्या पत्रातून बघते आहे, तुम्ही फोनमध्ये काढून बघा.

पहिली. ‘वा. दि. हा. शु.’ एवढंच लिहिलं म्हणून तुम्हाला राग आला. पण तुम्हीच लिहिलंय की तिने माहेरचं नाव घातलं होतं. दीडशे माणसांनी तुमच्या सासरच्या नावाला शुभेच्छा दिल्या. लग्नात तबकातल्या तांदळात अंगठीने जे नाव लिहिलं गेलं, त्या नावाला दिल्या. एका बाईने सगळ्यांसमक्ष तासगावच्या मुलीला दिल्या. तुमच्या मुलाने ते वाचलं असेल, सुनेने वाचलं असेल, नातवंडाने कदाचित विचारलंही असेल की आजी, हे कुणाचं नाव? तुम्ही मात्र पुढच्या चार अक्षरांवर अडून बसलात. मला विचाराल तर त्या दिवशी तुम्हाला आलेली सगळ्यात मोलाची शुभेच्छा ती होती.

दुसरी, गुलाबवाली. तेच चित्र दोन वर्षं आलं याचा अर्थ तिने ते फोनमध्ये ठेवून दिलं होतं. या वयात मोबाइलवर मराठी टंकणं किती जणींना जमतं हो? जोडाक्षराला बोट अडतं, काना-मात्रा सापडत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलेलं असतं, चष्मा दुसऱ्या खोलीत असतो. चार ओळी लिहिता येत नाहीत म्हणून बायका चित्र पाठवतात. लोक त्याला आळस म्हणतात, मला त्यात बहुतेक वेळा अडचण दिसते. तिला सांगा, लिहू नकोस, बोल. व्हॉट्सॲपमध्ये माइकचं चिन्ह दाबून धरलं की आवाज जातो. पहिला निरोप तुम्ही पाठवा म्हणजे तिला कसं करायचं ते कळेल. गुलाबाच्या जागी तिचा आवाज आला तर वर्षभर पुन्हा पुन्हा ऐकाल.

तिसरीच्या केकबद्दल मला काही म्हणायचं नाही. केक आहे, गोड मानून घ्यावा.

आणि त्यांनी 1 जूनला का पाठवल्या, खरी तारीख माहीत असूनही? माझा अंदाज साधा आहे. 1 जूनला फेसबुक उघडलं की अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो. तुमच्या-आमच्या पिढीत शाळेत घालताना ज्यांच्या दाखल्यावर गुरुजींनी ती तारीख टाकली ते सगळे त्या दिवशी रांगेने येतात. आपल्या मैत्रिणीच्या नावापुढे शंभर माणसं लिहितायत आणि आपणच गप्प बसायचं, हे कुठल्याच मैत्रिणीला जमणार नाही. लोक म्हणतील, हिचं काही बिनसलंय का? चारचौघांत तुमच्या बाजूला उभं राहायला त्या आल्या होत्या.

पण गेल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी एकीचाही फोन आला नाही, हे दुःख खरं आहे. ते मी हसण्यावारी नेणार नाही. सून म्हणते तसं ते मनाला लावून घेणंही नाही. आई गेली की आपलं लहानपण ठाऊक असलेली साक्षीदार जाते. मग ती जागा मैत्रिणींनी घ्यावी असं आपल्याला वाटायला लागतं, आणि मैत्रिणींना ते कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या वाढदिवसाला त्या यायच्या तेव्हा त्या तिथी लक्षात ठेवून येत नव्हत्या. तुमच्या घरून बोलावणं जायचं. दूध आटायचं, आई हाक मारायची. ते बोलावणं थांबलं, त्याला आता किती वर्षं झाली?

तेव्हा या वर्षी बोलावणं तुम्ही पाठवा. स्वतःच्या वाढदिवसाचं स्वतः काय सांगायचं, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे तर ज्याचा वाढदिवस तोच सांगत आला आहे. वर्ग सगळा गणवेशात आणि एकच मुलगी रंगीत फ्रॉकमध्ये, हातात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी, बाकाबाकाशी जाऊन वाटते आहे. आठवतंय? मोठ्यांना वाकून नमस्कार करायला आपणच जायचो, आज वाढदिवस आहे म्हणून. कुणी ओळखतंय का, हे बघत घरात बसून राहायची रीत आपली नव्हतीच. गेल्या वर्षी दिवसभर फोन जवळ होता ना? तो उचलून लावायचा. ‘अगं, आज माझा खरा वाढदिवस, आईची फार आठवण येतेय’ एवढं म्हणायचं. पलीकडची बाई तुम्हाला निर्लज्ज म्हणाली असती असं खरंच वाटतं तुम्हाला?

यावर अभ्यास झालेला आहे. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 2022 साली ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी’त आला. बऱ्याच दिवसांत बोलणं नसलेल्या माणसाला आपण होऊन चार शब्द पाठवले तर त्याला किती बरं वाटेल, याचा आपण जो अंदाज करतो तो सहसा कमी पडतो, असं त्यांना अनेक प्रयोगांत दिसलं. आणि निरोप जितका अनपेक्षित, तितका तो पोहोचलेल्या माणसाला जास्त भावतो. आपण इकडे संकोचात बसतो आणि तिकडे माणूस खूश व्हायला तयार असतं.

तिथी सांगताना तारखेच्या भानगडीत पडू नका. कोजागिरीचा दुसरा दिवस, एवढं पुरे. ते लक्षात ठेवायला कुणाला पंचांग लागत नाही. इंग्रजी तारीख दर वर्षी मागेपुढे होते. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे कोजागिरी ऑक्टोबरच्या अखेरीस येते आहे. (तुम्हाला उत्सुकता असली तर सांगते, तिथी आणि तारीख साधारण दर 19 वर्षांनी पुन्हा जवळजवळ जमून येतात. जन्मसाल 1961 धरलं तर तुमची 2018 मध्ये जमली असणार, आता 2037 मध्ये जमेल.) त्या काळात पुणे आणि न्यू जर्सीत साडेनऊ तासांचं अंतर असतं. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे सकाळचे दहा. चौघींना व्हिडिओ कॉलवर येण्याजोगी वेळ आहे ती. तिकडची लेक कामावर गेलेली, इकडची कुकरची घाई अजून व्हायची. आधी महिनाभर सांगून ठेवा आणि आदल्या दिवशी पुन्हा सांगा. हे आमंत्रण आहे, त्यात लाज कसली?

एक प्रश्न मला पत्र वाचताना पहिल्यापासून पडला आहे, तो विचारून टाकते. तुमच्या तिघी मैत्रिणींचे खरे वाढदिवस तुम्हाला ठाऊक आहेत का? पत्रात त्यांच्याबद्दल इतकं लिहिलंत, हे मात्र कुठे आलं नाही. त्या तुमच्याच वर्गातल्या. त्यांच्याही दाखल्यावर गुरुजींनीच काहीतरी टाकलं असेल. एखादीच्या आईने ‘पानशेत फुटलं त्याच्या आधी महिनाभर’ असं सांगितलं असेल, म्हणजे 12 जुलै 1961 च्या आधीचा महिना. एखादीला ‘पेरणी चालू होती’ यापलीकडे काही माहीत नसेल. बायकांच्या जन्मवेळा आपल्याकडे अशाच राहिल्या आहेत, कुणाच्या तरी बोलण्यात. ज्यांना ठाऊक होतं त्या आया गेल्या की ते कायमचं जातं. त्या कॉलवर हाच विषय काढा. प्रत्येकीने आपल्या जन्माचं जे काही ऐकलंय ते सांगायचं आणि तुम्ही लिहून घ्यायचं. तुमचं अक्षर चांगलं आहे, पत्रावरून दिसतं. पुढच्या वर्षी त्यांच्या त्या दिवसांना पहिला फोन तुमचा जाऊ दे.

आता त्या दीडशे जणांबद्दल. त्यांना तुम्ही एका झटक्यात गर्दी म्हणून मोकळ्या झालात, ते मला बरोबर वाटलं नाही. रॉबिन डनबार या ब्रिटिश अभ्यासकाने फेसबुक वापरणाऱ्यांची पाहणी करून 2016 साली जे मांडलं, त्यात सरासरी दीडशेच्या आसपासच्या फेसबुक-मित्रांपैकी अडीअडचणीला धावून येतील असे लोकांनी सांगितले ते सरासरी चारच. तुम्हालाही चारच मैत्रिणी होत्या, आज तीन आहेत. यात उणं काही नाही, माणसाची झेपच तेवढी असते. पण उरलेल्यांना म्हणून किंमत नाही असं होत नाही. तुमचा निरोप समारंभ झाला नाही, असं पत्रात एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मी त्या ओळीवर थांबले. सदतीस-अडतीस वर्षांची नोकरी आणि ना हार, ना नारळ, ना भाषण. त्या दीडशे नावांत पोस्टातली किती आहेत, जरा मोजा. कुणी काउंटरवर शेजारी बसायचं, कुणी बटवड्याला जायचं, कुणी बचत बँकेचं खातं सांभाळायचं. शिवाय दाखल्यावरची 1 जून हीच तुमच्या सेवापुस्तकातली तारीख, त्या माणसांना तोच तुमचा वाढदिवस ठाऊक आहे. त्यांनी केक पाठवला तेव्हा पाच वर्षांपूर्वी राहून गेलेलं काहीतरी ते देत असतील.

सगळ्यांना वेगळं उत्तर लिहिण्याची गरज नाही. ‘सर्वांचे मनापासून आभार’ ही एक ओळ दुसऱ्या दिवशी टाकलीत तरी चालतं, त्यात कुणाचा अपमान नाही. पोस्टातल्या लोकांना मात्र एकेक ओळ लिहा, प्रत्येकाच्या कामाची आठवण घालून. ‘तुमच्या हातचा शिक्का कधी पुसट उठला नाही’ अशासारखं काहीतरी. त्याला दहा-बारा दिवस लागले तर लागू देत.

फेसबुकवर एक बदल करा म्हणून मीच सांगणार आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी. दिवस आणि महिना राहू द्या, जन्मसाल फक्त स्वतःला दिसेल असं ठेवा. फेसबुकमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या लपवता येतात, सून पाच मिनिटांत करून देईल. तुमच्या आधारवर, पॅनवर, बँकेत आणि पेन्शनच्या कागदांवर तीच 1 जून 1961 आहे. आधारची पीडीएफ नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल घातलं की उघडते. फोनवरून फसवणारेही जन्मतारीख विचारतात. ती पूर्ण तारीख चव्हाट्यावर नको. कोजागिरीचा दुसरा दिवस मात्र कुठल्याच बँकेला माहीत नाही, तो खुशाल सगळ्यांना सांगा.

तुमच्या पाचव्या मैत्रिणीबद्दल. याचं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण यात घाई करून चालत नाही.

फेसबुकला खातेदार गेल्याचं कळवलं तर ते खातं स्मृतिखातं होतं. नावाशेजारी तसा उल्लेख येतो आणि वाढदिवसाची सूचना लोकांना जाणं थांबतं. घरचे कळवू शकतात, मित्रमैत्रिणीही कळवू शकतात, मृत्यूचा दाखला किंवा छापून आलेली निधनाची बातमी असं काहीतरी जोडावं लागतं. तुमच्या हातात ते आहे, तरी तुम्ही एकट्याने करू नका. खातं एकदा असं झालं की त्यात पुन्हा कुणाला शिरता येत नाही. कितीतरी घरांत आईचा फोन मुलीने तसाच चालू ठेवलेला असतो. ती रात्री आईच्या खात्यात जाऊन फोटो बघत असते, जुने निरोप वाचत असते. तुम्ही चांगल्या मनाने कळवाल आणि तिच्या हातून ते दार लागून जाईल. म्हणून आधी घरच्यांशी बोला. फोटो आणि निरोप उतरवून घ्यायला त्यांना वेळ द्या, आणि ते तयार असतील तरच पुढे जा. ते नको म्हणाले तर नको. त्या एका दिवशी तुम्ही ते पान उघडू नका, एवढं तुम्हाला करता येईल.

‘उदंड आयुष्य’ लिहिणाऱ्यांवर रागावू नका. त्यांना कुणी कळवलेलं नाही. दूरच्या ओळखीत अशी बातमी पोहोचतच नाही. ज्यांची नावं ओळखीची असतील त्यांना खासगीत दोन ओळी लिहा, ती अमुक महिन्यात गेली म्हणून. चारचौघांत खाली उत्तर देऊ नका, त्या माणसाला फार ओशाळं होतं. सांगितलंत तर बहुतेक जण आपण होऊन लिहिलेलं काढून टाकतील आणि तुम्हाला विचारतील की काय झालं होतं. त्यांच्याशीही बोलणं होईल.

पानावर तुम्ही स्वतः काही लिहावं का? लिहावंसं वाटलं तर लिहा, मी नाही म्हणणार नाही. पण माझं ऐकाल तर त्या दिवशी तिच्या मुलीला किंवा मुलाला फोन करा. ‘तुझ्या आईची आठवण येते’ एवढ्यावर थांबू नका. त्यांना माहीत नसलेलं काहीतरी सांगा. त्यांनी आई पाहिली ती लग्नानंतरची, संसारातली, नंतर आजारातली. रथसप्तमीच्या सुमाराला ती कुणाच्या मळ्यात द्राक्षं खायला पळाली होती, गणिताच्या बाईंची नक्कल कशी करायची, तिला माहेरी काय म्हणून हाक मारायचे, हे त्यांना कोण सांगणार? तुम्हा चौघींनाच ते ठाऊक आहे. दर वर्षी एक गोष्ट सांगा, पुरवून पुरवून. एखाद्या वर्षी इचलकरंजीच्या मैत्रिणीला सांगू द्या, तिला वेगळं काही आठवत असेल.

फोन सकाळी लवकर करा. दुपारपर्यंत तिच्या मुलीला त्या पानावरच्या पाच-सात शुभेच्छा दिसलेल्या असतात आणि दिवस जड होत जातो. त्याच्या आधी तुमचा आवाज तिच्या कानी पडलेला बरा.